पर्यावरणाची बातमी कोण लिहितो?

'पर्यावरण' हा शब्द आपल्या चळवळीत अजून परकाच वाटतो. झाडे, पक्षी, वाघ यांची चिंता ही पोट भरलेल्यांची हौस, अशी आपली समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. पण अपुरी आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न विचारला गेला. त्याच १९२७ साली मुंबईचा कचरा देवनारला टाकण्यास सुरुवात झाली. पाणी, हवा आणि जमीन यांची वाटणी या देशात जात आणि वर्ग पाहून होते. म्हणूनच पर्यावरणाची बातमी हा आपलाही विषय आहे आणि ती बातमी कोणाच्या हातून येते, हे तपासणे आपले काम आहे.

बिल्डरांच्या जाहिरातींवर जगणारे वृत्तपत्र खाडीतल्या भरावाविरुद्ध किती दिवस लिहील? या अडचणीतूनच नफा न कमावणाऱ्या छोट्या संस्था निघाल्या. इंजिनिअरिंग शिकून पत्रकार झालेल्या अनिल अग्रवाल यांनी १९८० साली दिल्लीत 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' काढले. देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरी अहवाल या संस्थेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यावरण हा गरिबांच्या जगण्याचा प्रश्न आहे, ही त्यामागची भूमिका होती. मुंबईच्या उपनगरात, वांद्र्याला राहणारे डॅरिल डिमॉंटे याच परंपरेतले. थळ-वायशेतच्या खत कारखान्याच्या वादावर त्यांनी १९८५ च्या पुस्तकात लिहिले आणि २०१९ मध्ये निधन होण्यापूर्वी पर्यावरण पत्रकारांच्या मंचाचे नेतृत्व केले. पी. साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी सुरू केलेली 'पारी' ही मुंबईतल्याच काउंटरमीडिया ट्रस्टची. ग्रामीण माणसाच्या तोंडून हवामानबदल सांगण्याचे काम तिने केले.

अशी संस्था चालते कशी? विश्वस्त असतात, एक-दोन संपादक असतात, मानधनावर फिरणारे वार्ताहर असतात, छायाचित्रकार आणि अनुवादक असतात. पैसा देणग्यांतून येतो. जाहिरातदाराचा दाब नसतो, हे तिचे बळ. पण देणगीदार बहुधा इंग्रजी वाचणारा असतो. म्हणून बातमी आधी इंग्रजीत जन्मते आणि जिच्याविषयी ती आहे तिच्यापर्यंत उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. 'पारी'ने आपल्या बातम्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणल्या आणि अनुवादकाचे नाव छापले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

या साखळीतला एक माणूस मात्र कोणाच्याच यादीत नसतो. तो म्हणजे माहिती देणारा. धूर आधी त्याच्या घरात शिरतो, वार्ताहर नंतर येतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग पेटले, त्याचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला. तेव्हा शहराला देवनार कळले. गोवंडीच्या वस्त्यांना आणि कचरा वेचणाऱ्या बायांना ते रोजच कळत होते. या बायांत दलितांचा भरणा मोठा. स्त्री मुक्ती संघटनेने त्यांना 'परिसर भगिनी' म्हणून संघटित केले. कोणत्या कचऱ्याने हात जळतो, कोणत्या ढिगाखाली वायू साठतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. बातमीत मात्र त्या दोन ओळींच्या व्यथेपुरत्या येतात. ज्ञान तज्ज्ञाच्या नावावर जमा होते.

आवाज कोणाचा, यावर निकालही बदलतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणाविरुद्ध १९९५ मध्ये 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप'ने उच्च न्यायालयात अर्ज केला. १९९७ च्या आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ चा पुरावा ज्यांच्याकडे नव्हता त्यांना पर्यायी घरही नव्हते. जंगल वाचवणे चूक होते काय? नव्हते. पण त्या कथेत जंगल हा नायक ठरला आणि झोपडीवाला खलनायक. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा पाड्यांवरचे आदिवासी स्वतः बोलत होते. जंगल आणि त्यात राहणारा माणूस एकाच बाजूला उभे दिसले. दोन्ही ठिकाणी शब्द 'पर्यावरण' हाच होता. फरक बोलणाऱ्यांत होता.

मग संपादकाच्या खुर्चीत कोण आहे? ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागा सवर्णांकडे होत्या. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस तिथे नव्हता. छोट्या संस्थेचा हेतू चांगला असला, तरी ती माणसे याच वर्तुळातून घेते. आपल्याला हे नवे नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानावर जागा मागत बसले नाहीत. त्यांनी पत्र चालवले.

म्हणून अशा संस्थांकडे पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे जाऊन चार प्रश्न मात्र विचारावेत. वस्तीतला वार्ताहर तुमच्याकडे आहे काय? त्याला मानधन मिळते की नुसते आभार? माहिती देणारीचे नाव, तिची संमती असेल तर, ज्ञान देणारी म्हणून छापता काय? आणि बातमी मराठीत त्याच दिवशी येते काय? शिक्षकांनी घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना नाल्याची, पाण्याच्या वेळेची, कचरागाडीची नोंद तारखेसह ठेवायला शिकवावे. कार्यकर्त्यांनी त्या नोंदी जपाव्यात. उद्या कोर्टात किंवा वृत्तपत्रात वस्तीविषयी कोणी बोलू लागला, तर वस्तीच्या हातात स्वतःचा कागद असला पाहिजे.