नाणेघाट चढून बघावा

नाणेघाटातलं लेणं बघायला बहुतेक लोक जुन्नरकडून येतात. माथ्यापर्यंत गाडी जाते, खिंडीत चार पावलं उतरलं की लेणं. माझं मत स्पष्ट आहे: हे लेणं मुरबाडकडून, पायी चढून बघावं. ते कोरलंच मुळी चढून दमलेल्यांसाठी.

आत भिक्षूंच्या खोल्या नाहीत, स्तूप नाही. चौकोनी दालन, तीन बाजूंनी कोरलेली बाकं, जवळ पाण्याची टाकी. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण येतं. एका सातवाहन राजाच्या काळात तिथे रीतसर बाजारपेठ होती आणि पुढे ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले, असं त्यात म्हटलं आहे. माथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. कर्नल साइक्सने १८२८ साली तो पाहिला, पुढे भगवानलाल इंद्रजींनी अभ्यासला. संकर्षण-वासुदेवांना नमन, मग राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. दानाचे आकडे चिन्हांनी कोरलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सातवाहन कुटुंबाच्या मूर्ती होत्या. आता वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय. दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीने आपल्या घराण्याची ओळख राजवाड्यात नव्हे, वाटसरूंच्या विसाव्याच्या जागी कोरून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्यातून थळ घाटाकडे जाणारी वाटही तशीच जुनी. पण १८६५ साली तिथून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि तो घाट बदलून गेला. मुरबाडकडची वाहतूक माळशेजच्या डांबरी रस्त्याने उचलली, म्हणून नाणेघाट पायवाटच राहिला.

रस्ता बदलला, व्यवहार तोच आहे. आळेफाट्याकडची भाजी आजही ट्रकने कल्याणला उतरते. टोकावडे, वैशाखरे भागातल्या टपऱ्यांवर ड्रायव्हर थांबतात, बाकड्यावर पाय मोकळे करतात. पातेल्यात गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं पडतं, चहा दोनदा वर येऊ देतात, मग काचेच्या ग्लासात गाळतात. अशा टपरीवर निवांत बसावं. पुढच्या वाटेची, पाण्याची खबर तिथेच मिळते.

दिवाळीनंतर वाट सुकते. कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने वैशाखरे सोडल्यावर नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरा. रमतगमत अडीच-तीन तासांची चढण आहे. लेण्यात भिंतींना हात लावू नका, खडूने अक्षरं ठळक करू नका. आणि परतीची शेवटची गाडी सकाळीच विचारून ठेवा.