जिद्दीच्या आधी काय असतं

दिव्यांग खेळाडूला पदक मिळालं की बातमीत ‘जिद्द’ हा शब्द हमखास येतो. कौतुक मनापासूनचं असतं, पण त्या शब्दाने काहीच उलगडत नाही. पदक मिळवणाऱ्याकडे जिद्द होती, तर मग व्हीलचेअरवर बसून घरातच राहिलेल्यांकडे ती नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. तो मला मान्य नाही. व्यायामाची ओढ कशी लागते, कशी टिकते आणि कुठे तुटते, हे नीट बघितलं तर कळण्यासारखं आहे.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा माणूस सैन्यात होता, बॉक्सिंग खेळायचा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर साथ देईना. पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. तो विश्वविक्रम होता आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदकही. या गोष्टीत जिद्द आहेच. पण तिच्याबरोबर अंगात मुरलेली मेहनतीची सवय आहे, पाण्यात उतरवणारे उपचार आहेत आणि परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्याकडून मिळालेली मदतही आहे. यातलं एक काढून घेतलं असतं तरी जिद्द तेवढीच राहिली असती, पोहणं मात्र राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

खेळ हा उपचार होऊ शकतो, ही कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला मार लागलेला माणूस बहुधा अंथरुणातच संपायचा. पडून पडून पाठीला जखमा होत, लघवीचा संसर्ग होई, आणि त्यातच तो जाई. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४मध्ये स्टोक मँडविल रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं, लघवीची काळजी घ्यायची आणि शक्य तितक्या लवकर कामाला लावायचं, हा त्यांचा शिरस्ता. पुढे त्यांनी व्हीलचेअरवर पोलो, मग धनुर्विद्या आणली. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी धनुष्यबाण हाती घेऊन स्पर्धा केली.

धनुष्य ओढताना खांदे आणि पाठ बळकट होतात, हा त्यातला वैद्यकीय फायदा. पण बसून नेम धरणारा उभ्या माणसाशी बरोबरीने खेळू शकतो, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. दोरी दहा वेळा ओढा म्हटलं की कंटाळा येतो. बाण लक्ष्याच्या चार बोटं डावीकडे गेला की हात आपसूक पुढच्या बाणाकडे जातो.

आता समजा, पस्तिशीतला एक माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी अपघातात मणका दुखावला, आता व्हीलचेअर वापरतो. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. तो करत नाही. का?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसाला चार वाटांनी मिळतो: स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहिलेलं, विश्वासातल्या माणसाने सांगितलेलं आणि आपलंच शरीर जे सांगतं ते. सगळ्यांत पक्की वाट पहिली. म्हणून सुरुवात हाताला ओळखीच्या गोष्टीपासून करावी. मुंबईत २०११च्या अपघातानंतर मानसी जोशी यांना डावा पाय गमवावा लागला. पण बॅडमिंटन लहानपणापासून हातात होतं. कृत्रिम पायावर तोल नव्याने शिकावा लागला, फटका मात्र ओळखीचा होता. २०१९मध्ये त्या बासेलला पॅरा-बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झाल्या.

चौथ्या वाटेवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथेच अनेकांची फसगत होते. धाप, घाम, वाढलेली नाडी यांवरून आपण मेहनत मोजतो. पण मज्जारज्जूची इजा मानेपाशी असेल तर हृदयाला वेग वाढवण्याचा निरोपच नीट पोहोचत नाही. पूर्ण जोर लावूनही नाडी बहुधा ११० ते १३०च्या पुढे जात नाही. इजेच्या खालच्या भागाला घामही धड येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात शरीर तापत राहतं. असा माणूस घड्याळातला आकडा बघतो आणि समजतो, आपल्या मेहनतीला काही अर्थ नाही. अर्थ असतो; मोजपट्टी चुकीची असते. ‘शून्य ते दहापैकी किती जड वाटलं?’ हा साधा प्रश्न इथे नाडीपेक्षा खरं सांगतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असायलाच हवी. छातीच्या भागातल्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर तुंबलेलं मूत्राशय किंवा घट्ट आवळलेला पट्टा एवढ्यानेही रक्तदाब एकदम उसळू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. लगेच ताठ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, कॅथेटर मुडपलाय का ते बघायचं, मूत्राशय मोकळं करायचं आणि त्रास थांबला नाही तर तातडीने डॉक्टर गाठायचा. पहिल्याच आठवड्यात असा झटका आला आणि तो कशाचा हे कुणीच समजावलं नाही, तर माणूस पुन्हा त्या दारात का येईल? भीतीला आळस म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: निर्णय आपला असणं, काहीतरी जमत असणं आणि आपली माणसं सोबत असणं. आपल्या घरांमध्ये सोबत असते, पण बऱ्याचदा निर्णयच हिरावला जातो. आई म्हणते, ‘अरे, कशाला दगदग?’ भाऊ परस्पर फिजिओची वेळ ठरवतो. सगळं मायेपोटीच. पण कधी उठायचं, कुठे जायचं हे दिवसभर इतरांच्या हातात असलेल्या माणसाला निदान खेळ तरी स्वतः निवडता यावा. टेबल टेनिस की पोहणं, सकाळी की संध्याकाळी, स्पर्धेसाठी की नुसतं हलकं वाटावं म्हणून, हे त्यालाच विचारा. त्याने ‘बुद्धिबळ’ म्हटलं तर तेही ऐकून घ्या. तिथे भेटलेल्या कुणाबरोबर तो पुढे तलावावर जाईल.

मग येते वाट, म्हणजे खरोखरची वाट. दाराला उंबरा, रिक्षात खुर्ची मावत नाही, तलावाला रॅम्प आहे पण कपडे बदलायच्या खोलीचं दार अरुंद. बायकांची अडचण आणखी मोठी: वापरता येईल असं स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आणि व्यायामाच्या दिवशी ते फारच वाईट. अशा ठिकाणी कितीही प्रेरक भाषणं दिली तरी उपयोग नाही; एक कठडा बसवला तर होतो.

किती व्यायाम, हाही प्रश्न असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. हा आकडा ऐकूनच नवखा माणूस हबकतो. मज्जारज्जूच्या इजेसाठीची २०१८ची शिफारस सुरुवातीला जास्त जवळची वाटते: आठवड्यातून दोनदा, किमान वीस मिनिटं, दम लागेल इतकी हालचाल, आणि दोनदाच ताकदीचे व्यायाम, मोठ्या स्नायूंचे तीन-तीन सेट. खुर्ची ढकलून खांदे आधीच शिणलेले असतात, म्हणून पुढे ढकलण्याइतकंच मागे ओढण्याचं कामही त्यात हवं.

आपल्या पस्तिशीतल्या माणसाने मंगळवार आणि शुक्रवार ठरवले. सातव्या आठवड्यात मांडीमागे लाल चट्टा दिसला, बसायला बंदी झाली, तीन आठवडे गेले. बहुतेकांची घडी मोडते ती इथेच. तेव्हा पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं: रिक्षा आली नाही तर दाराला रबरी पट्टा बांधून घरीच, चट्टा आला तर तो बरा होईपर्यंत, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, पालथं झोपून हलके डंबेल, परतल्यावर आधीच्या निम्म्यापासून. आणि त्याच पानावर तलावावरच्या जोडीदाराचा फोन नंबर, कारण चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सहाला कुणीतरी ‘निघालास का?’ असं विचारायला हवं.