पुठ्ठा, कात्री आणि डोअर पॅड

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचं ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत आणि ऑल्टोतही चाललं, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची चणचण फारशी भासत नाही. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. दाराच्या आतला पॅड फुगलेला असतो, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण लोंबत असतं, गिअरभोवतीची चौकट तडकलेली असते. यांतलं काही मागितलं की दुकानदार नुसती मान हलवतो. प्रीमियर पद्मिनीचं तर विचारूच नका. तिचं उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आणि मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नशिबाने एखादा जुना तुकडा हाती लागतो, पण तोही वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला.

पत्रा, वायरी आणि स्क्रू झाकणाऱ्या या सगळ्या आवरणाला ट्रिम म्हणतात. हौशी माणसाने घरी हात घालावा असं गाडीतलं काम हेच. इथे चूक झाली तर ब्रेक निकामी होत नाहीत, फार तर एक शीट वाया जाते. शिवाय यात महागडी हत्यारं लागतात हाही गैरसमज आहे. कटर, बारीक दातांचा जिगसॉ, कानस, पॉलिश पेपर, हीट गन आणि भरपूर पुठ्ठा एवढ्यावर बहुतेक कामं निभतात. पुठ्ठ्याचं महत्त्व नवख्यांना पटत नाही. तिथेच त्यांचे पैसे जातात.

डोअर पॅडचंच घ्या. जुन्या गाड्यांत तो हार्डबोर्डचा असतो आणि त्यावर रेक्झिन चढवलेलं असतं. पावसाळ्यात तो फुगतो, वाकतो आणि क्लिपा सोडून बाहेर येतो. दोष हार्डबोर्डला दिला जातो, पण खरा गुन्हेगार पॅडच्या मागे असतो. प्रत्येक मोटारीच्या दारात काचेच्या फटीतून पाणी शिरतंच. ते खालच्या भोकांतून वाहून जावं अशीच दाराची रचना असते. ते पाणी पॅडपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काच वर-खाली करणारं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी तो कागद फाडतो आणि पुन्हा लावायचं विसरतो. म्हणून नवा पॅड करायला घेण्याआधी दाराच्या तळाची भोकं साफ करावीत आणि जाड पॉलिथिनचा कागद ब्युटाइल टेपने नीट बसवावा. एवढं केलं नाही तर दोन पावसाळ्यांत नवा पॅडही जुन्यासारखाच दिसू लागेल.

मग पुठ्ठा. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेततो, तसा जुना पॅड पुठ्ठ्यावर ठेवून त्याची कड, हँडलचं भोक आणि क्लिपांच्या जागा आखून घ्यायच्या. जुना पॅड वाकलेला असेल तर त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. पुठ्ठा प्रत्यक्ष दारावर लावून बघावा, कमी पडेल तिथे टेपने तुकडा जोडावा, जास्त होईल तिथे कापावा. पुठ्ठा दारावर अचूक बसेपर्यंत महागाच्या शीटला हात लावायचा नाही. रेक्झिन कडेवरून मागे वळतं तेव्हा त्याची जाडी दोन्ही बाजूंनी वाढते, हेही इथेच लक्षात घ्यावं लागतं. ही जाडी सोडली नाही तर तयार पॅड दाराच्या रबराला घासतो.

पॅडसाठी पुन्हा हार्डबोर्ड वापरायला हरकत नाही, पण दोन्ही बाजू आणि कडा आधी ऑइल पेंटने बंद कराव्यात. तीन मिलिमीटरचं एबीएस प्लॅस्टिकचं शीट जास्त टिकाऊ. पाट्या बनवणाऱ्यांकडे आणि लेझर कटिंगच्या दुकानांत शीटचे उरलेले तुकडे पडून असतात; गिअरच्या चौकटीला किंवा स्पीकरच्या कड्याला तेवढे पुरतात. एबीएसवर कटरने खोल रेघ ओढून ते टेबलाच्या कडेवर मोडलं तर सरळ तुटतं. जिगसॉ वापरायचा तर वेग कमी ठेवावा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून पात्यामागे पुन्हा जुळतं. रेक्झिन चिकटवायला कुशनवाले फेविकॉल एसआरसारखं गोंद वापरतात. ते दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला ओलं न लागण्याइतकं सुकू द्यायचं आणि मगच मध्यापासून कडांकडे दाबत जायचं. घाई केली की फुगे येतात. या गोंदाच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात, तेव्हा हे काम उघड्यावरच करावं.

उन्हाचा हिशेब मात्र फार थोडे जण करतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस भरलं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गाडीत बसणाऱ्याला हे आकड्याने सांगायची गरज नाही. थ्री-डी प्रिंटिंगमध्ये सर्वांत स्वस्त आणि सोपं प्लॅस्टिक म्हणजे पीएलए. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. म्हणजे कौतुकाने छापून आणलेली एसीची जाळी पहिल्या उन्हाळ्यातच मान टाकते. एबीएस सुमारे १०५ अंशांपर्यंत तग धरतं. एएसए उष्णतेला जवळपास तितकंच सोसतं आणि उन्हाने लवकर पिवळं पडत नाही, म्हणून डॅशबोर्डवरच्या भागांसाठी छापणाऱ्याकडे तेच मागावं.

उष्णतेने वस्तू नुसत्या मऊ पडत नाहीत, वाढतातही. अर्ध्या मीटरची एबीएसची पट्टी तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साधारण दीड मिलिमीटरने लांबते, तर तिच्याखालचा पोलादी पत्रा जेमतेम पाव मिलिमीटरने. पट्टी दोन्ही टोकांना स्क्रूने करकचून आवळली की दुपारी ती मधोमध कमान घेते. उपाय सोपा आहे. एक भोक गोल, बाकीची लांबट ठेवायची. कारखान्यात बनलेला कुठलाही लांब भाग उलटा करून पाहिला तर बहुधा हीच युक्ती दिसते.

थ्री-डी प्रिंटिंगला हसण्याचं मात्र कारण नाही. अमेरिकी विनोदवीर जे लेनो यांनी आपल्या १९०७च्या व्हाइट स्टीमर गाडीचा झिजलेला भाग स्कॅन करून त्याची प्रतिकृती अशीच छापून घेतली होती. पोर्शेच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या विभागानेही २०१८मध्ये काही दुर्मीळ सुटे भाग याच तंत्राने बनवत असल्याचं जाहीर केलं. घरच्या कामात एखादं बटण, झाकणाची कडी किंवा तुटकी क्लिप अशा छोट्या वस्तूंना हे तंत्र उत्तम. व्हर्नियर कॅलिपरने माप नीट घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं. सपाट आणि मोठ्या भागांना मात्र शीटच स्वस्त पडतं.

गोलाई हवी असेल, म्हणजे कोपऱ्यात स्पीकर बसवायचा असेल किंवा कन्सोलला उतार द्यायचा असेल, तर फायबरकडे वळावं लागतं. लाकडी कड्यांच्या सांगाड्यावर ताणता येणारं कापड बसवायचं, त्यावर पॉलिएस्टर रेझिन चढवायचं आणि ते कडक झालं की आतून फायबरच्या मॅटचे थर द्यायचे. मूर्ती आणि सजावटीची कामं करणाऱ्यांना हे साहित्य चांगलं ठाऊक असतं. यात एक गोष्ट जिवावर बेतू शकते. रेझिन घट्ट करणारा कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन दुकानात मागावं, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि वाफा अडवणारा मास्क यांत काटकसर नको.

जुनाच भाग रंगवायचा असेल तर आधी तो उलटा करून मागे कोरलेली अक्षरं वाचावीत. तिथे प्लॅस्टिकचा प्रकार लिहिलेला असतो. एबीएस असेल तर काम सुखाचं. त्याचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने तडा भरता येतो आणि साध्या प्रायमरवर रंग बसतो. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर गोंद आणि रंग दोन्ही निसटतात. त्यासाठी प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो, तो न मारता केलेला रंग नखाने सोलून निघतो. कार्बन फायबरच्या नक्षीचं विनाइल सगळीकडे चढवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. एखाद्या पट्टीला ते शोभतं; पूर्ण डॅशबोर्डला लावलं की गाडी ब्रीफकेससारखी दिसते.

काही जागा मात्र हात न लावण्याच्या. भारतात १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे अलीकडच्या गाडीत ती असणारच. ती सुमारे तीस मिलिसेकंदांत फुगते आणि वाटेत आलेलं झाकण, पट्टी किंवा चिकटवलेला बिल्ला प्रवाशाच्या तोंडावर फेकते. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण, बाजूच्या एअरबॅगा असतील तिथल्या सीटच्या कडा आणि खांबांची आवरणं आहेत तशीच ठेवावीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. आतल्या रेक्झिनचा त्यात उल्लेख नसतो. गाडीचा बाहेरचा रंग मात्र नोंदलेला असतो, म्हणून तो बदलण्याआधी आरटीओची पायरी चढावी लागते.

पॅड लावताना जुन्या क्लिपा परत वापरू नयेत. त्या स्वस्त असतात आणि नाना पेठेत हव्या त्या मापात सापडतात. लावून झाल्यावर खिडक्या बंद करून खराब रस्त्यावर एक चक्कर मारावी. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून खडखड नेमकी कुठून येते ते हाताने दाबून शोधायला सांगावं. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे मागून फेल्टची पट्टी चिकटवली की बहुतेक खडखड जाते. तरीही आवाज येत राहिला तर पॅडला दोष देण्याआधी काचेच्या मशीनचा बोल्ट तपासावा. तो सैल निघण्याची शक्यता बरीच असते.