वारा १४च्या वर गेला की विद्यार्थी खाली: स्कायडायव्हिंग शिकताना वाट पाहण्याचं गणित

मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना काही आकडे राहून गेले होते, ते इथे घातलेत. ज्यांनी ऐकलंय त्यांनी निम्म्यापासून वाचलं तरी चालेल.

स्कायडायव्हिंग म्हटलं की तुमचे मेसेज बहुतेक भीतीचे असतात. पॅराशूट उघडलं नाही तर? विमानाच्या दारात पाय लटपटले तर? पण जे प्रत्यक्ष शिकताहेत त्यांच्या तक्रारी ऐका, त्या वेगळ्याच असतात. "चौथा शनिवार वाया गेला." "सकाळी सातला गेलो, संध्याकाळी सहाला तसाच परत." मी कॅलिफोर्नियात शिकले, घरापासून दोन तासांवरच्या एका ड्रॉप झोनवर, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. २५ उड्यांपर्यंत पोहोचायला साडेपाच महिने लागले. त्या काळात दर शनिवारी रात्री आईचा फोन यायचा.

"मारलीस का गं उडी?"

"नाही गं आई, वारा होता."

"मग? वाऱ्याशिवाय पॅराशूट चालतं होय?"

प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरू करू.

आजची पॅराशूट पतंगासारखी वाऱ्यावर तरंगत नाही. ती पंखासारखी असते, स्वतःच्या वेगाने पुढे सरकते. विद्यार्थ्याला दिलेली कॅनॉपी मुद्दाम मोठी असते, म्हणजे ती हळू चालते आणि चुका पोटात घालते. तिचा पुढे जायचा वेग साधारण ताशी २० मैलांच्या आसपास धरा. उतरताना आपण वाऱ्याकडे तोंड करतो. समोरून १० मैलांचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबात आपण १०नेच पुढे सरकतोय, मस्त अलगद उतरता येतं. म्हणजे आईचं अर्धं बरोबर आहे, थोडा वारा हवाच. पण तोच वारा २०वर गेला की आपण जागच्या जागी लटकतो, आणि त्याहून वाढला की पाठीमागे सरकायला लागतो. मागे काय आहे, शेत की विजेच्या तारा, ते दिसत नाही. जमिनीला टेकल्यावरही कॅनॉपी फुगलेलीच राहते आणि माणसाला फरफटत नेते. शिवाय हँगर, झाडं, टेकाडं यांच्या आडोशाला वारा घुसळतो आणि त्यात कॅनॉपी अचानक दबू शकते.

म्हणून अमेरिकेत यूएसपीए, म्हणजे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, हिने एकट्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल ठेवली आहे. आपल्या भाषेत साधारण साडेबावीस किलोमीटर. पुण्यात स्कूटरवर जाताना एवढा वारा लागला तर आपल्या लक्षातही येणार नाही. लायसन्स असलेल्यांना मात्र असा आकडा नाही, त्यांनी आपापलं ठरवायचं. आणि टँडम, म्हणजे ज्यात पाहुणा इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधलेला असतो, त्याची मर्यादा ड्रॉप झोन स्वतः ठरवतो, ती बहुधा विद्यार्थ्यापेक्षा जास्त असते.

खरा जीव जळतो तो इथे. पाऊस असेल तर सगळेच घरी बसतात, त्याचं काही वाटत नाही. पण वारा १६ असतो तेव्हा विमान उडत असतं. टँडमवाले हसत जातात, जुने जंपर जातात, आणि आपण हार्नेस काढून बाकावर बसून वाऱ्याच्या पिशवीकडे बघत असतो. इतरांसाठी तो छान दिवस, आपल्यासाठी 'विंड होल्ड'.

वाऱ्यानंतर ढग. तिथे अमेरिकन सरकारचा नियमच आहे: ढगातून उडी मारायची नाही. दहा हजार फुटांच्या वर पाच मैलांपर्यंत दिसलं पाहिजे, आणि ढगापासून आडवं एक मैल, खाली-वर हजार-हजार फूट अंतर हवं. वरून बघणाऱ्याला जमीन दिसली पाहिजे आणि विमानांना आपण दिसलो पाहिजे, एवढं साधं कारण. ढग खाली असले तर अनुभवी लोक कमी उंचीवरून एखादी छोटी उडी मारून घेतात. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला तेही नाही, कारण त्याला वर जाऊन ठरलेले व्यायाम करायचे असतात आणि पॅराशूटही इतरांपेक्षा बरंच वर उघडायचं असतं. तिसरी गोष्ट सूर्यास्त. विद्यार्थ्याची उडी सूर्यास्ताच्या आत संपलीच पाहिजे.

आता या तिन्ही गोष्टी एका दिवसावर ठेवून बघा. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळते, आणि वरचा जोरदार वारा खाली उतरतो. त्यामुळे सकाळ शांत, दुपारी बारा ते चार झोतांची, आणि संध्याकाळी परत शांत. ही झाली उन्हाळ्यातली सर्वसाधारण गोष्ट. विद्यार्थ्याच्या हाती राहतात सकाळचे दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचा एखादा. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात हिवाळ्यात सकाळी दाट धुकं, म्हणजे तो सकाळचा तुकडाही गेला.

इथपर्यंत कोणाला दोष देता येत नाही. पण त्या दोन-तीन तासांत विमानात कोणाला बसवायचं, हे माणसं ठरवतात. ड्रॉप झोनवर ज्या खिडकीत नाव नोंदवतात त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखंच काहीसं, फक्त वेटिंग लिस्ट डोळ्यांदेखत हलते. आपण ज्या पद्धतीने शिकतो ती एएफएफ, ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल. तिच्या सुरुवातीच्या उड्यांना विद्यार्थ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इन्स्ट्रक्टर असतो. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे विमानातल्या तीन जागा. छोट्या सेसना १८२मध्ये पायलट सोडून चौघेच बसतात, त्यातल्या तीन गेल्या! ट्विन ऑटरसारख्या मोठ्या विमानात वीसेक जण मावतात, तिथे हा प्रश्न कमी टोचतो.

त्यात एएफएफ शिकवणारे आणि टँडम करणारे इन्स्ट्रक्टर अनेकदा तेच असतात. शनिवारी दहा वाजता वाढदिवसाचा आठ जणांचा ग्रुप टँडमसाठी आलाय, महिन्यापूर्वी बुकिंग केलंय, परत कधी येणार नाहीत. तुम्ही मात्र पुढच्या आठवड्यातही येणारच आहात, पैसे आधीच भरलेत. मॅनिफेस्टवरचा माणूस कोणाला थांबवेल? धंद्याच्या हिशोबाने त्याचं चूक नाही, टँडमच्या पैशावरच बहुतेक ड्रॉप झोनची विमानं उडतात. पण म्हणून 'हवामानच खराब होतं' हे प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचं कारण नाही. आठ ते साडेदहा वारा ६ होता आणि तुमचं नाव अकराला पुकारलं, तर ते हवामान नव्हे. माझ्या ड्रॉप झोनवर असं दोनदा झालं. मी मॅनिफेस्टवर जाऊन शांतपणे विचारलं, "उद्या पहिल्या लोडला एएफएफचा इन्स्ट्रक्टर मोकळा मिळेल का?" मिळाला. भांडायची गरज पडली नाही, पण विचारायची पडली.

बरं, थांबल्याने नुसता दिवस जातो असंही नाही. यूएसपीएची शिफारस अशी की विद्यार्थ्याने ३० दिवसांत उडी मारली नसेल तर पुढची उडी योग्य इन्स्ट्रक्टरच्या थेट देखरेखीखाली व्हावी. व्यवहारात याचा अर्थ पुन्हा उजळणी, कधी मागच्या टप्प्याची उडी परत, आणि तिचे पैसे परत. चार शनिवार वाऱ्यात गेले की महिना झालाच. म्हणजे ज्याला सुट्ट्या कमी, पैसे मोजके, त्यालाच हे शिक्षण जास्त महाग पडतं. ३० दिवसांची अट चुकीची आहे असं मला अजिबात वाटत नाही. सहा उड्या झालेला माणूस महिनाभरात खरंच विसरतो. वरची मुख्य कॅनॉपी बिघडली तर आधी कुठलं हँडल आणि मग कुठलं, हे हाताला आठवावं लागतं, डोक्याला आठवून भागत नाही.

आणि आता ज्यासाठी हा भाग केला ते. सलग तीन आठवडे रिकाम्या हाताने परत गेलेला विद्यार्थी चौथ्या शनिवारी संध्याकाळी कसा विचार करतो? ३० दिवस उद्या संपताहेत. शेवटचा लोड भरतोय. वारा १३. सकाळपासून ऊन खाल्लंय, जेवण नीट नाही, इन्स्ट्रक्टरची दहावी उडी. सगळे म्हणताहेत चल, बसतंय नियमात. अशा वेळी १३ हा आकडा पुरेसा नसतो. विचारा, गेल्या अर्ध्या तासातला सगळ्यात मोठा झोत किती होता? सरासरी १३ आणि झोत १९ असेल तर तो तुमचा दिवस नाही. एकसारखा ९ वारा आणि ५ ते १३ अशा उड्या मारणारा वारा, सरासरी सारखीच, पण उतरताना जमीन-अस्मानाचा फरक.

'नाही' म्हणायचा हक्क विद्यार्थ्याला विमानाच्या दारापर्यंत असतो. विमानातून बसून खाली येता येतं, अनुभवी लोकही येतात. त्या लोडचे पैसे परत मिळतात का, हे मात्र आधी विचारून ठेवा. नाहीतर वर, दारात, डोक्यात पैशाचा हिशोब चालू होतो, आणि ती त्याची जागा नव्हे.

पैसे भरण्याआधी फोनवर आणखी काय विचारायचं? शनिवार-रविवारी फक्त एएफएफसाठी ठेवलेला इन्स्ट्रक्टर असतो का. पहिलं विमान किती वाजता उडतं, कारण जिथे दहाला उडतं तिथे तुमची सकाळ संपलेली असते. विमानं किती. एकच असेल आणि ते तपासणीला गेलं तर ड्रॉप झोन बंद. तुमच्या वजनाला चालणारी विद्यार्थ्यांची किट किती आहेत, हेही. आमच्याकडे मोठ्या मापाची दोनच होती, आणि एका उंच, धिप्पाड पंजाबी मित्राचा अर्धा जन्म त्यांची घडी होण्याची वाट बघण्यात गेला.

जमत असेल तर आठवड्यातला मधला दिवस घ्या. दोन बुधवारांच्या रजेत मी जेवढं केलं तेवढं चार शनिवारांत झालं नव्हतं. विंड होल्डमध्ये रील्स बघत बसू नका, कारण ए लायसन्सच्या कार्डावर जमिनीवरच्या बऱ्याच गोष्टी असतात: पॅराशूटची घडी घालणं, किट तपासणं, विमानतळाचा फोटो बघून उतरायचा मार्ग आखणं. इन्स्ट्रक्टरही तेव्हा मोकळेच असतात, त्या सह्या तिथेच घ्या. इनडोअर टनेल जवळ असेल तर हवेत शरीर स्थिर ठेवायचा सराव तिथे होतो, त्याला वारा-ढग आड येत नाहीत. उड्यांच्या मोजणीत तो धरत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी, भारतातून विचारणाऱ्यांसाठी. २०१८मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हापासून 'थायलंडला कोर्स किती दिवसांचा' हा मेसेज मला कायम येतो. स्पेनमधल्या एंपुरियाब्रावाबद्दलही. जाहिरातीत 'एएफएफ कोर्स' म्हणून जे पॅकेज असतं ते बहुधा सात-आठ उड्यांचं असतं. यूएसपीएच्या ए लायसन्सला किमान २५ लागतात. आठ उड्या करून तुम्ही पुण्याला परत आलात की ३० दिवसांचं घड्याळ सुरू, आणि वर्षभर नियमित चालणारे नागरी ड्रॉप झोन आपल्याकडे फार थोडे. मग पुढच्या वर्षी परत तिकीट, परत उजळणी.

म्हणून जायचंच तर २५चा हिशोब धरून जा. कागदावर रोज तीन उड्या धरल्या तर नऊ दिवस होतात. मी सोळा-सतरा दिवस ठेवीन. एंपुरियाब्रावाच्या भागात ट्रामोंताना नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो कधी कधी काही दिवस सलग वाहतो. थायलंडला पावसाळ्यात जाऊ नका. एवढी रजा मिळत नसेल तर यंदा एक टँडम करा, पैसे साठवा. आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी.

या हिवाळ्यात कोणी जाणार असेल तर जागा आणि तारखा व्हॉइस नोटवर पाठवा. पुढचा भाग पॅकिंगवर आहे, त्याआधी उत्तरं देते.