यादीत पर्याय कोण भरतो?

गेल्या आठवड्यात धाराशिव कोर्टाच्या आवारात एक विद्यार्थी भेटला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत त्याने पुढे केली. जात महार, बरोबर. धर्म मात्र हिंदू! विचारले, तर म्हणाला, "वकीलसाहेब, अर्ज भरणाऱ्यानेच निवडला. एस.सी. म्हणजे हिंदूच, म्हणाला."

हे अज्ञान जुने आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी धम्मदीक्षा घेतलेल्या बौद्धांना मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

संगणकाच्या अर्जात आपल्याला लिहिता येत नाही. उघडणाऱ्या यादीतला एक पर्याय निवडावा लागतो. यादी वेगळ्या तक्त्यात ठेवली असेल, तर नवा पर्याय घालायला एक ओळ वाढवणे पुरते. अडचण यंत्राची नाही. यादी करणाऱ्याच्या मनात आपण आहोत की नाही, हा प्रश्न आहे.

मग यादीच नको, ज्याला जे वाटेल ते लिहू द्या, असे काही बांधव म्हणतात. तेही घातक आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत जातीची ठरावीक यादी नव्हती. आडनावे, गोत्रे, पोटजाती, चुकीची स्पेलिंगे, सगळे जात म्हणून नोंदले गेले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. या गणनेत ४६ लाखांवर नावे आली, असे केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. ते जातीचे आकडे कामाला आले नाहीत. म्हणून यादी हवी, पण पूर्ण हवी, आणि पक्की होण्याआधी आपण ती तपासलेली हवी.

२०२७ ची जनगणना डिजिटल आहे आणि तीत जातही विचारली जाणार आहे. समाजबांधवांनी दोन रकाने वेगळे ओळखावेत. धर्म : बौद्ध. जात : दाखल्यावर असेल ती, महार, मांग, चांभार, जी असेल ती. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही. जातीच्या रकान्यात बौद्ध लिहाल तर हक्क अडचणीत येतो. धर्माच्या रकान्यात हिंदू राहू द्याल तर धम्म कागदावरून पुसला जातो. २०११ साली राज्यात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. एकेका नोंदीनेच हा आकडा झाला.

तेव्हा दुसऱ्याकडून अर्ज भरून घ्या, पण शेवटचे बटण दाबण्याआधी पडद्यावर वाचा.

१९४१ साली बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. तेव्हा गावच्या दप्तरात आपली जागा दुसरेच लिहीत होते. आज दप्तर संगणकात गेले आहे. नोंद तरी आपली आपण करू. जयभीम!