दारूगोळ्याची पेटी

दारूगोळ्याची पेटी ही काडतुसे साठवण्यासाठी व वाहून नेण्यासाठी वापरली जाणारी, झाकण घट्ट बसणारी धातूची पेटी होय. ओल, धूळ व आघात यांपासून काडतुसांचे रक्षण करणे हे तिचे मुख्य कार्य असते.

पार्श्वभूमी

मराठेशाहीत किल्ल्यांवर दारूसाठी स्वतंत्र कोठारे असत. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या ग्रंथात दारूखाना घराजवळ नसावा, तसेच दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशा सूचना आहेत. महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखान्यांत काडतुसांचे उत्पादन होते.

रचना

पेटी सहसा पोलादी पत्र्याची असून तिचे सांधे वितळजोडाने बंद केलेले असतात. झाकणाच्या आतील कडेला रबरी पट्टी असते. खटका दाबला की ही पट्टी पेटीच्या काठावर दबते आणि हवा व पाणी आत शिरत नाही. अमेरिकी सैन्याची एम२ए१ ही या प्रकारची परिचित पेटी आहे.

निवड

पेटीचा टिकाऊपणा पत्र्यावर, तर जलरोधकता मुख्यतः रबरी पट्टीवर अवलंबून असते. जुन्या पेटीची पट्टी कडक झालेली वा तडकलेली नाही, काठ चेपलेला नाही आणि तळाच्या सांध्यांना गंज नाही, हे तपासावे लागते. रिकाम्या पेटीत कोरडा कागद ठेवून ती काही काळ पाण्यात बुडवल्यास गळती कळते. दमट हवेत बंद केलेल्या पेटीत बाष्प अडकते व तापमान उतरल्यावर त्याचे दव होते. म्हणून पेटी कोरड्या दिवशी भरतात आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात.

सुरक्षितता

जलरोधक पेटी उष्णतेपासून संरक्षण देत नाही. धूरविरहित दारूतील नायट्रोसेल्युलोजचे विघटन उष्णतेने वेगाने होते. त्यामुळे मराठवाड्यासारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणाऱ्या प्रदेशात पेटी पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवणे अयोग्य ठरते. सुटी दारू अशा पेटीत ठेवणे धोक्याचे असते, कारण आग लागल्यास बंद धातूत दाब वाढून स्फोट होऊ शकतो. भारतात काडतुसे बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक आहे. बेवारस वा भंगारात सापडलेली भरलेली पेटी न हाताळता पोलिसांना कळवणे सुरक्षित असते.