नगरच्या छावणीतले जर्मन

नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहरालगतच्या लष्करी छावणीत दोन्ही महायुद्धांच्या काळात जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि हिंदुस्थान सरकारने परदेशी लोकांबाबत वटहुकूम काढून जर्मन व ऑस्ट्रियन माणसांची धरपकड सुरू केली. पकडलेल्यांपैकी बरेच जण सैनिक नव्हतेच. पेढ्यांतले व्यापारी, कारकून, बंदरात अडकलेल्या जहाजांवरचे खलाशी आणि मिशनरी अशी ही मंडळी होती. पुढे जर्मन पूर्व आफ्रिकेत हाती लागलेले कैदीही इथे आणले गेले. बायकामुलांसाठी बेळगावला वेगळी छावणी होती.

सर्वांत जिव्हारी लागणारी अवस्था मिशनऱ्यांची होती. छोटा नागपूरच्या आदिवासी भागात गॉसनर मिशनची माणसे कित्येक वर्षे शाळा चालवत होती. युद्ध येताच सरकारच्या लेखी ती केवळ शत्रूराष्ट्राची प्रजा उरली. १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने अनेक मिशनरी कुटुंबांना परत धाडण्यात आले. तेलुगू मुलखात ओस पडलेली काही जर्मन मिशन केंद्रे अमेरिकेतल्या ल्यूथरपंथीयांनी सांभाळली.

अमेरिका तेव्हा तटस्थ होती. ब्रिटिश मुलखातल्या जर्मनांच्या हिताची देखभाल तिच्याकडे असल्याने तिचे वाणिज्यदूत नगरची छावणी तपासत. नगरकरांना अमेरिकन माणूस नवा नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे काम या शहरात १८३१ पासून चालू होते. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि कालचा मध्यस्थ शत्रुपक्षात गेला. ही जबाबदारी स्वित्झर्लंडकडे आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहून गेले. त्यांत नगरही होते. अमेरिकेत मात्र जर्मनद्वेष रस्त्यावर उतरला. अनेक शाळांनी जर्मन भाषा शिकवणे बंद केले आणि एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फाशी दिली.

नगरहून गेलेली कैद्यांची टपाली पाकिटे संग्राहकांनी जपली आहेत. युद्धकैद्यांच्या टपालाला हशील माफ असल्याने तिकिटाची जागा मोकळी असते, पत्ता नीटस अक्षरात लिहिलेला असतो आणि त्यावर सेन्सॉरचा शिक्का बसलेला असतो. घरच्यांना लिहिलेला शब्दही आधी परका माणूस वाचणार, ही जाणीव ठेवूनच लिहावे लागे.

सप्टेंबर १९३९ मध्ये नगरला पुन्हा जर्मन आले. या वेळी त्यांच्यात हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही होते. नाझी आणि नाझींचा बळी दोघांकडे जर्मन पासपोर्ट होता, आणि अटक करणाऱ्याने तेवढेच पाहिले. चौकशी झाल्यावर निर्वासितांपैकी अनेकांची सुटका झाली, पण तोवरचा अन्याय अन्यायच होता. नंगा पर्बतची पाहणी करून परतणारा ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइन्रिख हारर कराचीत पकडला गेला आणि त्याचीही रवानगी नगरला झाली. तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातला गोवा जवळ असल्याने तिकडे निसटण्याचा विचार त्याच्या मनात घोळत होता. १९४१ मध्ये स्थानबद्धांना देवळालीमार्गे डेहराडूनला हलवले. तिथून २९ एप्रिल १९४४ रोजी तो निसटला आणि तिबेटात पोहोचला. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना घरची वाट धरायला १९४६ ची अखेर उजाडली.